वर्गाबाहेर उभे केलेले शब्द

शब्दाला शिक्षा करणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. पोरांना या माणसानं कधी बोटही लावलं नाही. पण पुस्तकातला एखादा शब्द डोक्यात गेला की सर तो पाटीवर लिहायचे आणि ती पाटी व्हरांड्यातल्या खांबाच्या खिळ्याला, उन्हाच्या बाजूनं टांगायचे. 'अर्थ नीट सांगता येईल तेव्हा आत या,' असं पाटीला बजावून मग वर्गात परत. पोरं खिदळायची, मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे, आणि मी शेजारच्या वर्गात कविता शिकवता शिकवता खिडकीतून 'समुद्रसपाटी' हा शब्द उन्हात तापताना बघायचे.

समुद्रसपाटीचा गुन्हा असा की समुद्र सपाट नसतो. "बाई, त्याला भरती आहे, ओहोटी आहे, लाटा आहेत, कुठं फुगवटा आहे, कुठं उतार आहे. आपलं शाळेचं पटांगण सपाट नाही आणि हे समुद्राला सपाट म्हणतात." मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे पुस्तकातल्या प्रत्येक शब्दाचा जाब ते मलाच विचारायचे, जणू काही मीच ते घरी बसून तयार केले होते. मी म्हणायचे, अहो सर, सरासरी पातळी म्हणायचंय त्यांना. "मग तसं म्हणायला त्यांची जीभ झिजते का?" एवढं बोलून चहा न पिताच उठायचे. त्यांचा तो निवलेला चहा पाहून मला त्यांचाच राग यायचा.

आमची शाळा बेल्ह्याच्या अलीकडं आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. सर भूगोल शिकवायचे, पण भूगोलात त्यांना खरी गोडी समुद्राची. जुन्नर तालुक्यात समुद्राचं काम काय, असं कुणी म्हटलं की भडकायचे. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान, सागरी गर्ता हे समुद्रतळाचे सगळे भाग ते फळ्यावर न काढता पटांगणाकडेच्या चरात पोरांना उतरवून शिकवायचे. चराच्या तळाशी उभं राहणाऱ्या पोराला गर्ता म्हणायचे. हळूहळू ते नाव पोरावरून सरांवर गेलं. 'गर्ता आला, गर्ता आला' अशी कुजबुज व्हरांड्यातून पुढं सरकली की सर येतायत हे कळायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते ते आतून खूश होते.

अंगात कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या कधी दुमडलेल्या नाहीत, आणि खिशात मिठाची पुडी. ही पुडी जेवणासाठी नव्हती. नव्या वर्गाला लवणता शिकवायच्या आधी ते बादलीत मोजून मीठ घालायचे आणि प्रत्येकाला बोट बुडवून चाटायला लावायचे. "हा समुद्र. कळला? आता या चवीला पुस्तकात लवणता म्हणतात. तुमची आई खारटपणा म्हणते. दोघांचं बरोबर आहे, पण आईचं आधी कळतं." यावरही तक्रार झालीच. कुणा पालकाला वाटलं, सर पोरांना मीठ चाटवून शपथा घालतात.

सगळेच शब्द उन्हात जायचे असं मात्र नाही. उधाण आणि भांग या दोन शब्दांवर त्यांचा फार जीव होता. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ती उधाणाची, आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांगाची. भांग म्हटलं की वर्ग हसायचा. सर हसू द्यायचे आणि मग म्हणायचे, "हे शब्द कुण्या साहेबानं खुर्चीत बसून केलेले नाहीत. ज्यांची होडी पाण्यात जाते त्या कोळ्यांनी केलेत. चुकीचा शब्द वापरला तर माणूस घरी परत येत नाही, म्हणून त्यांचे शब्द बरोबर असतात." आणि हमखास पुढचा प्रश्न: "आपण शेतकऱ्यांच्या पोरांनी विज्ञानाला एक तरी शब्द दिलाय का?"  तो प्रश्न माझ्या खिडकीपर्यंत यायचा.

एकदा त्यांनी नववीची सहल नाणेघाटात नेली. जलविभाजक शिकवायचा होता. कड्याच्या टोकाशी उभं राहून हातात चहाचा कप धरून ते सांगू लागले, "इथून पूर्वेला पडलेलं पाणी कुकडीत, कुकडीतून घोड नदीत, मग भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडलेलं सरळ खाली कोकणात आणि अरबी समुद्रात." एवढं बोलून अर्धा चहा त्यांनी पूर्वेला ओतला. उरलेला अर्धा थाटात कड्यावरून पश्चिमेला भिरकावला. नाणेघाटातला वारा खालून वर येतो हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत नसावं याचं मला अजून नवल वाटतं. चहा वर आला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांच्या नव्या शर्टावर बसला. पोरं लोळायची बाकी राहिली. सर शांतपणे म्हणाले, "अरबी समुद्रानं नाकारला." पण परतीच्या गाडीत ते माझ्याजवळ येऊन बसले आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बाई, समुद्र लांब आहे असं वाटतं ना लोकांना? तो आपल्या बांधावरून निघतो. आपण रानात जे टाकतो ते सगळं तिकडं चाललंय. हे यांना कुठल्या शब्दात सांगू?"

शब्दानं किती घोळ होतो हे आमच्याकडं चांगलंच कळतं. सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला: हरितगृह परिणाम म्हणजे काय? आता जुन्नर-आंबेगावात हरितगृह म्हणजे पॉलीहाउस. निम्म्या पोरांच्या घरी ते उभं आहे. एकानं लिहिलं, 'हरितगृह परिणामामुळे ढोबळी मिरची व जरबेरा चांगला येतो. बाजारभाव बरा मिळतो. शासन अनुदान देते.' सरांनी त्याला पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापक पेपर घेऊन आले, तर सर म्हणाले, "पृथ्वी तापतेय हे सांगायला तुम्ही याच्या बापाच्या मिरचीचं नाव वापरलंत, मग तो दुसरं काय लिहील?" त्या दिवशी 'हरितगृह परिणाम' शाळा सुटेपर्यंत उन्हात होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. विक्षिप्त मास्तर कुठल्या शाळेत नसतो? पण पुढं जे झालं ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

आमच्या गावाला पाझर तलाव आहे. त्याच्या पायथ्याला पंचायतीची विहीर, विहिरीतून पाणी टाकीत आणि टाकीतून शाळेच्या नळाला. पोरं तेच पितात आणि दुपारची खिचडीही त्यातच शिजायची. तळ्याच्या वरच्या अंगाला सगळी बागायत. टोमॅटो, कांदा, ऊस. ठिबकातून खत, वरून युरिया, शिवाय गोठ्यांचं धुतलेलं पाणी. त्या वर्षी उन्हाळा लागता लागता तळं हिरवं झालं. हिरवं म्हणजे कसलं, पोपटी रंगाचं ऑइलपेंट सांडावं तसा जाड तवंग. काठाशी गेलं की कुजका वास. सर रोज सकाळी तिथं जायचे. मग पोरांना उलट्या सुरू झाल्या. आज चार घरी, उद्या आणखी दोन. कुणाच्या अंगाला खाज. गावात म्हणत, हवा बदललीय. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची कालवड तळ्यावर पाणी पिऊन आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मावशी माझ्यापुढं रडल्या, "सकाळी चांगली उड्या मारत व्हती वो बाई. काय खाल्लं तिनं, कायबी कळंना." गुरांचे डॉक्टर आले, म्हणाले काहीतरी खाण्यात आलं असेल. पाण्याचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही.

सरांनी पंचायतीत सांगितलं, पाणी बंद करा. सरपंच म्हणाले, "सर, टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतो की आमी. आमी बी त्येच पानी पितो, ओझरच्या गणपतीची आण." त्यांच्या ओसरीवर जारचं पाणी येतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण आण घेतलेल्या माणसाला तोंडावर कोण बोलणार? सरांनी तालुक्याला चकरा मारल्या, जिल्ह्याला मारल्या, तेव्हा कुठं पाणी तपासणारी माणसं आली, बाटल्या भरून नेल्या आणि काही दिवसांनी कागद आला. त्यात एक ओळ होती: 'सदर जलाशयात सुपोषणाची लक्षणे आढळून आली आहेत.'

सुपोषण. हा शब्द ज्यानं कुणी केला त्याला एकदा मला भेटायचंय. पाण्यात खताचा अंश इतका होतो की शेवाळ बेसुमार वाढतं, मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. मासे तडफडून मरतात. काही जातीचं शेवाळ तर पाण्यात विष सोडतं. नदी हेच खत समुद्रात नेऊन ओतते तेव्हा मुखाशी मोठमोठे पट्टे असे होतात की तिथं काही जगत नाही, त्यांना मृत क्षेत्र म्हणतात. आणि या सगळ्या प्रकाराचं नाव काय, तर सुपोषण. मूळ ग्रीक शब्दातही 'चांगलं पोसलेलं' असाच अर्थ आहे म्हणे, म्हणून इकडंही तसंच. अरे, पण तुम्ही ज्या भाषेत शब्द आणताय त्या भाषेतली माणसं काय समजतील याचा घटकाभर विचार कराल की नाही? आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सुपोषित बालक, सुदृढ गाव.' पोराचं वजन वाढलं की सेविका आईला सांगते, तुमचं बाळ सुपोषित झालं. आता त्याच गावाच्या हातात कागद आला की तळ्याचं सुपोषण झालं. गावानं काय समजायचं?

गावानं समजायचं तेच समजलं. पंचायतीत पेढे वाटले. मी थट्टा करत नाही. सरपंच शाळेत येऊन मुख्याध्यापकांना म्हणाले, "सरांनी लई बोंब मारली व्हती तळ्याच्या नावानं. बघा, सरकारनीच ल्हिऊन दिलं, सुपोषण हाय म्हणून. आता जरा कार्यक्रम घिऊ. पोरं बसवा पुढं."

सरांनी तो कागद वाचला. मला वाटलं आता हे पाटी घेतील, पण त्यांनी पाटीला हात लावला नाही.  त्यानंतरचे काही दिवस ते शब्द शोधत हिंडले. बेल्ह्याच्या बाजारात गेले. तिथं टेम्पोतून जनावरं उतरवणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारत सुटले, जनावरानं जास्त खाल्लं आणि त्याचं वाईट झालं तर तुम्ही काय म्हणता? एका व्यापाऱ्याला वाटलं हे विमा कंपनीचे आहेत, तो बोलेना. दुसरा म्हणाला, "पावणं, पोटफुगी म्हणत्यात. तुमचं जनावर कुठंय?" सर परत येऊन मला म्हणाले, पोटफुगी चालत नाही. मी म्हटलं का? "पोटफुगीत खाणारा मरतो. तळ्यात खातं शेवाळ आणि मरतात बाकीचे."

मला भयंकर चीड आली. मी म्हटलं, सर, पोरं ओकतायत आणि तुम्ही बाजारात शब्द हुडकताय? टाकी बंद करायची सोडून हे काय चाललंय? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच मूर्ख. "बाई, टाकीची चावी माझ्याकडं नाही. ती गावाकडं आहे. आणि गावाला पेढे मिळालेत. गावानं चावी फिरवावी असं वाटत असेल तर पेढ्यापेक्षा जोरात लागेल असा शब्द पाहिजे. नायट्रेट म्हणून कुणी उठणार आहे का जागचं?" त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

कार्यक्रम तळ्याच्या भरावावर होता. मांडव, स्पीकर, खुर्च्या. मागं फ्लेक्स: 'आपले तळे, सुपोषित तळे. समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन.' तळ्याचा फोटो होता, आणि फ्लेक्सवाल्यानं तो आणखी हिरवा करून दिला होता. खाली पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची रांग. समोर आमची पोरं, मांडवाच्या बाहेर उन्हात. आणि वाऱ्याची झुळूक आली की तळ्याचा तो वास थेट व्यासपीठावर. पाहुणे नाकाला रुमाल लावून सत्कार स्वीकारत होते. माझा संताप अनावर होत होता, कारण तो वास सगळ्यांना येत होता आणि तरी कुणी काही बोलत नव्हतं. कागदावर चांगला शब्द लिहून आला होता ना.

सर उठले. माईक मागितला नाही. "या तळ्याला जे झालंय ते अभिनंदन करण्यासारखं नाही," एवढंच म्हणाले. सरपंचांनी हसून घेतलं. "सर, कागद वाचलाय आमी. सुपोषण ल्हिलंय. तुमच्यासारख्या शिकल्याल्या मान्सांनीच ल्हिलंय. का वो बाई, तुमी मराठीच्या ना, सु म्हंजी काय?"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सु म्हणजे चांगलं. पण कुणाचं चांगलं हे सु सांगत नाही. इथं शेवाळाचं चांगलं झालंय, आमच्या पोरांचं नाही." दोघं-चौघं हसले. कुणीतरी मागून म्हणालं, बाई बी त्यांच्यातल्याच. मी खाली बसले तेव्हा माझे कान लाल झाले होते.

मग सरांचा तोल गेला. ज्या शब्दांना त्यांनी जन्मभर उन्हात उभं केलं ते सगळेच त्या दिवशी रागाच्या भरात त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागले. नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला प्राणवायू, नीलहरित शैवाल, अन्नसाखळी, मृत क्षेत्र. घाम पुसत होते आणि बोलत होते. लोक घड्याळ बघायला लागले. चहाची किटली फिरू लागली. समोर बसलेल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या. इतका हुशार माणूस आणि एकही अक्षर पोचत नव्हतं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

शेवटी सरपंचांचा संयम सुटला. खुर्चीतून उठून त्यांनी माईकवरच सांगितलं, "बास करा सर. गावाचं चांगलं झाल्यालं बघवत न्हाई तुमाला. पगार आयता मिळतोय, काम न्हाई, धंदा न्हाई. आयतं खाऊन खाऊन माजलाय तुमी."

 शिक्षकाला पोरांदेखत असं बोलणं आमच्याकडंही कुणाला आवडत नाही. मुख्याध्यापक सरांचा हात धरून त्यांना बाहेर न्यायला निघाले. सरांनी हात सोडवला.

"काय म्हणालात?"

सरपंच जरा चरकले. पण माघार कशी घेणार? "माजलाय म्हणलो. खाऊन माजलाय."

सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं यांना उन्हाचा त्रास झाला. त्यांनी सरपंचांना चक्क हात जोडले. मग लोकांकडं वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सरपंच बोलले ते बरोबर आहे. फक्त माणूस चुकला. माजलोय मी नाही. माजलंय हे तळं. आपण वर रानात खत टाकलं, ते पावसानं खाली आलं, आणि हे तळं आयतं खाऊन खाऊन माजलंय."

रान माजतं, तण माजतं, बैल माजतो, माणूस माजतो. रोज तोंडात असलेला शब्द, आणि भूगोल शिकवून केस पांढरे झालेल्या माणसाला तो सापडत नव्हता. तो अपमानातून मिळाला. मी मराठीची, मलाही सुचला नव्हता.

पुढच्या रांगेत एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी आपल्याच युरियानं?"

"आपल्याच."

"आन् माजल्यालं पानी ही पोरं पित्यात?"

सरांनी नुसतं पोरांकडं पाहिलं. मग बायकांतून खिचडीच्या मावशी उभ्या राहिल्या. "माजी कालवड त्येच पिली व्हती," त्या म्हणाल्या. आणि कुणाला काही न विचारता टाकीकडं चालू लागल्या. त्यांच्यामागं आणखी पाच-सहा जणी. टाकीचं पाणी सोडणारा वॉलमन आडवा आला, "काकू, साहेब बसल्यात, आत्ता नको," म्हणू लागला. मावशींनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि शाळेकडं जाणारा वॉल बंद केला. मांडवात स्पीकरवर अजून सरपंचांचा आवाज चालू होता, "आवो थांबा, आवो ऐका, कागद बगा."

दुसऱ्या दिवसापासून शाळेला टँकरचं पाणी आलं, आणि नंतर बोअर झालं. टँकर सरपंचांनीच आणला, हे मी मान्य करते. टँकरबरोबर फोटो काढून घेतला, हेही मान्य करते. उलट्या थांबल्या. टीसीएल पावडरच्या कंपनीवर राग काढून गाव मोकळं झालं. तळ्यावर वरून येणाऱ्या खताचं काय करायचं यावर मात्र कुणी बसून बोललं नाही. ते अजून बोललेलं नाही. मल्चिंगचा फाटका प्लास्टिक कागद आणि खताच्या रिकाम्या पिशव्या दर पावसाळ्यात ओढ्यातून तशाच खाली येतात आणि पुढं जिथं जायचं तिथं जातात.

आणि सरांना बक्षीस काय मिळालं? मेमो. 'पाठ्यपुस्तकाबाहेरील ग्राम्य व असभ्य शब्दांचा अध्यापनात वापर करणे.' त्यांनी नववीला शिकवलं होतं की सुपोषण म्हणजे पाण्याचा माज. एका पोराच्या वहीत ते कुणाच्या तरी नजरेला पडलं. ज्या शब्दानं सगळी शाळा आजारातून सुटली तो असभ्य, आणि ज्या शब्दानं विषाचे पेढे वाटले तो प्रमाण. आमच्या शिक्षणसंस्थेनं त्यांची बदली आंबेगाव तालुक्यातल्या, भीमाशंकरच्या वाटेवरच्या शाखेत केली. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला माणूस, रोजचा दोन एसट्यांचा प्रवास. मी मुख्याध्यापकांशी भांडले. संस्थेच्या कार्यालयात जाऊन भांडले. तिथले सचिव मला म्हणाले, "बाई, तुम्ही तर भाषेच्या शिक्षिका, तुम्हाला तरी शुद्धतेची चाड हवी." मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, तेही ग्राम्यच होतं. सर मात्र पाट्यांचा गठ्ठा बांधून एसटीनं गेले. पुढं त्यांनी तिकडंच खोली घेतली, आणि आता निवृत्त झालेत तरी तिकडंच राहतात.

परवा उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत तपासणी होती. मोठे साहेब आले होते. नववीच्या वर्गात त्यांनी पर्यावरणाचे प्रश्न विचारले. एका मुलीला उभं करून म्हणाले, "सुपोषण म्हणजे काय?" मुलीनं पुस्तकातली व्याख्या न अडखळता म्हणून दाखवली, 'जलाशयातील पोषकद्रव्यांचे प्रमाण वाढण्याच्या प्रक्रियेस सुपोषण असे म्हणतात.' साहेब खूश. "शाब्बास. हीच शुद्ध भाषा हवी."

तास संपला. साहेबांना तहान लागली होती. व्हरांड्यात हात धुवायचा जुना नळ आहे, वॉल पुन्हा उघडल्यावर तो तळ्याच्या टाकीलाच राहिला. उन्हाळ्यात तो फक्त फरशी धुवायला. साहेबांनी शेजारचा ग्लास घेतला, नळाखाली धरला, भरला, आणि तोंडाकडं नेला. तीच मुलगी धावत आली.

"साहेब, त्ये पिऊ नका."

"का गं?"

"तळं माजलंय."

साहेबांनी ग्लासकडं पाहिलं. कसलाही खुलासा न मागता खाली ठेवला. कुणीतरी बाटलीचं पाणी आणलं, ते प्यायले. आणि जाताना शेरेबुकात लिहून गेले: 'विद्यार्थ्यांची भाषा ग्राम्य आहे. सुधारणेस वाव आहे.'

तो शेरा वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी पोचायच्या आधीच रस्त्यात उभी राहून मी सरांना फोन लावला. त्या मुलीची व्याख्या, साहेबांचं शाब्बास, तो ग्लास, तो शेरा, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, सर, बघा, अजून तेच चाललंय, या लोकांना काही लाज आहे की नाही?

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब ते पाणी प्यायले का?"

"नाही. ठेवला ग्लास."

"आणि पोरं?"

"पोरं कशाला पितील? ती त्या नळाकडं फिरकतही नाहीत."

"मग तुम्ही कशाला ओरडताय?" सर म्हणाले, आणि घोडेगावची एसटी लागलीय म्हणून फोन ठेवून दिला.